गर्भपातानंतर पुढे काय?
(मंडळाच्या आरोग्य मेळाव्यातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत या विषयापुढे कॉम्प्युटर इंजिनिअरचं नाव बघून काहींना ती छपाईची चूक वाटली असेल. चूक नाही. नाशिक जिल्ह्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायचं काम मी इथून शनिवार-रविवारी करतो. बाळंतीण झालेल्या बाईचे सगळे रकाने तिथे भरलेले असतात. लसीकरण, बाळाचं वजन, पुढचं मूल कधी. गर्भपात झालेल्या बाईच्या नावापुढे मात्र एक तारीख, आणि पुढे सगळं कोरं. ते कोरं का, हे तिथल्या नर्सबाईंना फोनवर विचारत गेलो आणि वाचत गेलो. त्यातलं थोडं सांगतो.

आधी शरीराचं. गर्भपातानंतर पाळी येईपर्यंत दिवस जात नाहीत, असा एक समज आहे. पण पहिल्या तीन महिन्यांतला गर्भपात असेल तर दोन आठवड्यांच्या आतसुद्धा स्त्रीबीज बाहेर पडू शकतं, म्हणजे पाळी यायच्या आधीच. म्हणून गर्भनिरोधक गोळ्या किंवा इंजेक्शन लगेच सुरू करता येतं, आणि पिशवी साफ केली असेल तर बहुतेक वेळा त्याच वेळी तांबीही बसवता येते.

पण हे तिला सांगणार कोण? 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या अंदाजाप्रमाणे 2015 साली भारतात 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले. त्यातले 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. बऱ्याचदा नवराच गोळ्या आणतो, केमिस्ट त्या कागदात गुंडाळून देतो, बोलणं दोन वाक्यांचं. त्या गोळ्यांना माझी नावं ठेवायची नाहीत, पण "आता पुढे काय वापरणार?" असं विचारणारं माणूसच त्या साखळीत नाही. गावात आशाताई असते, हे खरं. पण जे सासूबाईंपासून लपवलं, ते गल्लीतल्याच आशाताईला कोण सांगेल?

मग दवाखान्यात का जात नाहीत? कायदा 1971 पासून आहे, आणि सज्ञान बाईला स्वतःची संमती पुरते. तरी नवऱ्याची सही मागणारे दवाखाने आहेतच. दुसरं म्हणजे, स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धचा प्रचार इतका जोरात झाला (तो व्हायलाच हवा होता) की गर्भपातच बेकायदा आहे असं पुष्कळांना वाटतं. आणि तिसरी गोष्ट, जी ऐकून मला फार राग आला: "तांबी बसवून घेणार असशील तरच करून देतो," अशी अट. हेतू चांगला असेल हो! पण नर्सबाई म्हणाल्या, अशी तांबी बाई थोड्याच दिवसांत दुसरीकडे जाऊन काढून घेते, आणि पुढच्या वेळी सरळ केमिस्टकडे जाते.

त्या आणखी एक सांगत होत्या. बायका तोंडावर 'नको' म्हणत नाहीत, "घरी विचारून सांगते" म्हणतात. तांबी वर छातीत चढते, ही भीती अजून आहे. 2017 पासून सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' हे तीन महिन्यांचं इंजेक्शन आणि 'छाया' ही लखनौच्या प्रयोगशाळेत शोधलेली, हार्मोन नसलेली गोळी फुकट मिळू लागली. इंजेक्शनचं पाकीट कपाटात सापडत नाही, हा त्याचा मोठाच गुण. पण हे समजावून सांगायला अर्धा तास निवांत बसणारी बाई लागते. आपण गावाकडे सोनोग्राफी मशीन देतो, त्यावर पाटी लागते. त्या बाईच्या पगारावर पाटी कुठे लावणार? तरीही या वर्षीच्या देणगीतून एक पगार द्यावा, असं मी मंडळाला सुचवतो.

आता पुरुषांचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे 38 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांची 0.3 टक्के. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं होतं, तो त्याच दिवशी घरी जातो. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासणी करून घ्यायची. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झालेली दिसते, तेव्हा प्रश्न तिथूनच घेऊ या.