बर्फावरची सुटी : गाव कसे निवडावे



वैशाखातल्या उकाड्यात, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसलेल्या श्रोत्यांपुढे बर्फावर बोलावयास उभे राहणे हे थोडेसे क्रौर्यच आहे. पण बर्फावरच्या सुटीची आखणी उन्हाळ्यातच करावी लागते. हिवाळा तोंडावर आल्यावर जो ती करावयास बसतो त्याच्या वाट्याला उरलेसुरले येते, आणि उरलेसुरले म्हणजे काय हे आम्ही एकदा पदरचे पैसे मोजून पाहिले आहे. तीच हकीकत प्रथम सांगतो.

आमची मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीस आहे. महामारीच्या काळात प्रवास बंद पडले आणि पुरी अडीच वर्षे आम्ही उभयतांनी तिला पाहिले नव्हते. २०२२ च्या नाताळात तिला आठ दिवसांची रजा मिळाली. ती तिकडे स्की करावयास शिकली होती. "आई, मी तुला शिकवते," असे ती फोनवर म्हणाली आणि सौ.ने वयाच्या ५४ व्या वर्षी ते मनावर घेतले. आम्ही एका प्रवासकंपनीच्या कचेरीत गेलो आणि गाव लहान पाहिजे, शांत पाहिजे, स्वस्त पाहिजे, असे सांगितले. तिन्ही गोष्टी मिळाल्या. शांतता तर अशी की रस्त्यावर आमच्याखेरीज माणूस दिसेना. कारण बर्फच पडला नव्हता! गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ९०० मीटर उंच. त्या वर्षअखेरीस आल्प्सच्या खालच्या भागात चैत्रासारखी हवा होती. हिरव्यागार उतारावर बर्फाची एक मळकट पट्टी तेवढी होती, धुऊन पसरलेल्या जुन्या धोतरासारखी. बर्फ फवारणारी यंत्रे होती, पण हवा पुरेशी गार झाल्याखेरीज ती काय करणार? आठ दिवस आम्ही तिघे खिडकीशी बसून पत्ते खेळलो. मुलगी रोज सकाळी उतार पाहून येई आणि काही न बोलता कोट खुंटीला अडकवी. कंपनीवर राग काढण्यात अर्थ नव्हता. गावाची उंची किती, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

घरी परतल्यावर मग आम्ही तो अभ्यास केला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००७ साली आल्प्समधील ६६६ स्कीस्थळांचा हिशेब मांडला होता. हिवाळ्यात १०० दिवस तरी किमान ३० सेंटिमीटर बर्फ टिकावा, ही कसोटी. त्या वेळी ६०९ स्थळे ह्या कसोटीला उतरत होती. तापमान १ अंशाने वाढल्यास ५००, २ अंशांनी वाढल्यास ४०४ आणि ४ अंशांनी वाढल्यास अवघी २०२ उरतील, असा त्यांचा अंदाज. दर अंशामागे भरवशाच्या बर्फाची रेषा सुमारे १५० मीटर वर सरकते. आता ह्यात मार कोणाला बसतो? मोठ्या, श्रीमंत गावांचे पाळणे ३००० मीटरपर्यंत जातात, त्यांचे निभावते. ज्या शांत गावांच्या शोधात आपण असतो त्यातली पुष्कळशी खालच्या खोऱ्यात बसलेली आहेत. तेव्हा लहान आणि तरीही उंच, अशी जागा शोधावयाची. अशा जागा थोड्या आहेत.

आमची निवड शेवटी स्वित्झर्लंडातील म्युरेनवर ठरली. बर्न परगण्यात, लाउटरब्रुनेनच्या खोऱ्याच्या एका कड्यावर, सुमारे १६५० मीटर उंचीवर हे गाव आहे. बारमाही वस्ती चारशेच्या आसपास. खाजगी मोटार तेथवर पोहोचतच नाही. इंटरलाकेनहून आगगाडीने लाउटरब्रुनेनला यावयाचे, तेथून दोरावरच्या पाळण्याने ग्र्युचाल्पला चढावयाचे आणि मग कड्याच्या काठाकाठाने धावणाऱ्या लहानशा गाडीत बसावयाचे. हा लोहमार्ग १८९१ सालचा. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही तीन शिखरे दरीपलीकडे इतकी जवळ उभी असतात की पहिल्या दिवशी सौ. म्हणाली, "ह्यांच्यासमोर घसरून पडायची लाज वाटेल."

त्या गावाचा आपल्या देशाशी एक धागा आहे. डोंगरउतारावरच्या आधुनिक स्कीशर्यतींना ज्याने वळण लावले तो आर्नल्ड लन हा इंग्रज गृहस्थ १८८८ साली मद्रासेत जन्मला. खुंट्यांमधून वळणे घेत उतरण्याची स्लालम शर्यत त्याने १९२२ साली म्युरेनला भरविली आणि ऐटीला गुण न देता घड्याळाला मान दिला. १९३१ सालची जागतिक शर्यतही तेथेच झाली. बर्फाचे नावही नसलेल्या गावी जन्मलेल्या माणसाने हे करावे, ह्यात सौ.ला मोठाच धीर वाटला!

पण आमची योजना येथे फसता फसता वाचली. म्युरेन शांत खरे, परंतु दर जानेवारीत तेथे 'इन्फर्नो' नावाची शर्यत भरते. १९२८ पासूनची ही परंपरा. सुमारे १८५० स्पर्धक शिल्टहॉर्नवरून जवळजवळ १५ किलोमीटर खाली झेपावतात. चारशे वस्तीच्या गावात इतके स्पर्धक म्हणजे पंढरपुरातली आषाढी. आम्ही नेमका तोच आठवडा धरला होता! मुलीच्या ध्यानात आले म्हणून बरे. नाताळ महाग, फेब्रुवारीत तिकडच्या शाळांना सुट्या. म्हणून आम्ही २०२४ च्या मार्चचा दुसरा आठवडा घेतला. दिवस मोठा, ऊन उबदार, आणि उंचीमुळे बर्फ शाबूत. एवढेच की दुपारनंतर तो शिऱ्यासारखा मऊ होतो. शिकावयाचे ते सकाळी.

दुसरी अडचण आम्ही लपवून ठेवीत नाही. कड्यावरच्या गावाचे उतारही तसेच उभे. तिकडे निळी खूण सोप्या मार्गाची, तांबडी मध्यम, काळी कठीण. आणि म्युरेनला सोपे थोडे आहे. अगदी नवख्याने समोरच्या वेंगेनचाही विचार करावा. तेथेही मोटार जात नाही, पण गाव मोठे आणि उतार अधिक. आम्ही म्युरेनच धरले ते शांततेच्या लोभाने.

किरकोळ गोष्टी झटपट सांगतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो करावाच. विमापत्र बारकाईने वाचावे : पुष्कळ विमापत्रांत बर्फावरचे खेळ वगळलेले असतात, आणि मोडलेल्या पायासह हेलिकॉप्टरने उतरणे म्हणजे काय खर्च, ह्याची कल्पना करा. स्की आणि बूट तेथेच भाड्याने घ्यावे. बूट पायाला घट्ट असावा, पण बोटे हलली पाहिजेत. शिक्षक अवश्य ठेवावा. मुलीने आईला शिकविण्याचा बेत पहिल्याच सकाळी रद्द झाला, कारण दोघी एकाच वेळी बोलत. आखलेला मार्ग सोडून जाऊ नये. दाव्होसची संस्था हिमकड्यांच्या धोक्याची १ ते ५ अशी श्रेणी रोज सायंकाळी जाहीर करते. ती वाचण्याची सवय ठेवावी. स्वयंपाकघरासह खोली घेतल्यास पोहे, भाजणी, मेतकूट खुशाल न्यावे. तूप मात्र नाही. आपल्याकडून दूधदुभत्याचे पदार्थ नेण्यास तेथे मनाई आहे. आमच्या बॅगेतला डबा निघण्याच्या रात्री बाहेर काढावा लागला, आणि तो काढताना घरात झालेला संवाद मी येथे सांगत नाही.

आमचा स्वतःचा गुडघा कामातून गेलेला; स्की आमच्या नशिबी नव्हती. सहाव्या दिवशी आम्ही विंटरएग नावाच्या लहान स्थानकावर जाऊन बसलो. हातात थर्मास, पिशवीत सौ.ची चालावयाची पादत्राणे. पाऊण तास गेला. मग वरच्या वळणावरून प्रथम मुलगी आली, आणि तिच्या मागून, दोन्ही स्कींचे पुढचे शेंडे एकमेकांकडे वळवून, हात पसरून, अगदी सावकाश, सौ. येत होती. शेवटच्या दहा हातांवर ती पडली. मुलगी मदतीला वळली, तर तिने काठी उंचावून तिला जागीच थांबविले, आणि उठावयास सुरुवात केली.