अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तीन शर्यती

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



गणपतीसमोर मोटरसायकलच्या शर्यतीवर बोलणार म्हटल्यावर आपल्या कार्यवाहांनी मला विषय दोनदा विचारून घेतला. पण आपल्या गल्लीतली पोरं रविवारी पहाटे चोर्ला घाटाकडे गाड्या काढतात आणि ती परत येईपर्यंत आया फोनकडे बघत बसतात, हे आपण सगळेच जाणतो. माझा मुलगा यंदा अठरा वर्षांचा झाला. त्यालाही गाडी हवी आहे. तेव्हा विषय मला घरातच मिळाला.

माणसाचं नाव जोई डनलॉप. जन्म १९५२ चा, उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीमनी गावाजवळचा. हा मितभाषी माणूस गावात एक पब चालवायचा, आणि त्याच्या हाताला कायम ग्रीस लागलेलं असायचं. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामध्ये समुद्रात आईल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथे दरवर्षी ‘टीटी’ ही शर्यत होते. ती स्टेडियमच्या ट्रॅकवर होत नाही. रोजच्या वापरातला रस्ता तेवढ्यापुरता बंद करतात आणि त्यावरच गाड्या पळतात. एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची, म्हणजे बेळगावहून खानापूरला जाऊन परत येण्याहून जास्त. त्यात दोनशेहून अधिक वळणं. कडेला घरांच्या भिंती, दिव्यांचे खांब, झाडं आणि पुढे डोंगर. मोठ्या शर्यतीत अशा सहा फेऱ्या. स्वार दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात, त्यामुळे खरी स्पर्धा घड्याळाशी असते. या रस्त्यावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण गेले आहेत.

या रस्त्यावर जोईने पहिली शर्यत १९७७ साली जिंकली आणि शेवटची २००० साली. मधल्या तेवीस वर्षांत एकूण २६ विजय. १९८२ ते १९८६ अशी सलग पाच वर्षं तो टीटी फॉर्म्युला वन प्रकारात जगज्जेता होता. १९८५ साली बेटाकडे निघालेली त्याची मासेमारीची बोट बुडाली. सगळ्यांना वाचवण्यात आलं. त्याच वर्षी त्याने बेटावर एका आठवड्यात तीन शर्यती जिंकल्या.

१९८९ साली इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर मोठा अपघात झाला. पाय मोडला, मनगट मोडलं. वय सदतीस. आता हा संपला, असं अनेकांना वाटलं. परत बेटावर जिंकायला १९९२ साल उजाडलं, आणि तेही १२५ सीसीच्या छोट्या गाडीवर. पुढच्याच वर्षी त्याने माइक हेलवूडचा १४ विजयांचा विक्रम मागे टाकला.

ही छोटी गाडी लक्षात ठेवा. मोठ्या इंजिनात चूक झाली तर ताकदीवर भरून काढता येते. १२५ मध्ये वळणावर वेग घालवला, की तो परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. तिथे धाडसापेक्षा रस्त्याची ओळख कामाला येते. कुठे चढ, कुठे उंचवटा, कुठे सावलीत ओल राहते, हे पाठ असावं लागतं. जोई आपल्या गाडीचं काम बरंचसं स्वतःच करायचा. आपण डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये जे शिकतो, ते हा माणूस आयुष्यभर करत राहिला. तो इतकी वर्षं टिकला, त्याचं कारण मला इथे दिसतं.

त्याची आणखी एक गोष्ट मला फार भावते. आपल्या व्हॅनमध्ये अन्न आणि कपडे भरून तो रोमानियातल्या अनाथाश्रमांपर्यंत गाडी चालवत जायचा. बोस्निया, अल्बानियालाही गेला. शर्यतींसाठी त्याला आधी एक ब्रिटिश सन्मान मिळाला होताच. १९९६ सालचा ओबीई मात्र या मदतीच्या कामासाठी होता.

मग २००० साल आलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याने पुन्हा एका आठवड्यात तीन टीटी जिंकल्या. सीनियर शर्यतीत तो तिसरा आला, पण त्यात ताशी जवळजवळ २०० किलोमीटरच्या सरासरीने फेरी मारली. बेटावरची त्याची ही सर्वांत वेगवान फेरी.

मी हे घरी सांगत होतो तेव्हा मुलाने विचारलं, “पुढे काय झालं?”

पुढे महिनाही उलटला नव्हता. २ जुलै २००० रोजी एस्टोनियातल्या टॅलिनजवळ, पावसात, १२५ सीसीच्याच शर्यतीत त्याची गाडी घसरली आणि तो झाडांवर आदळला. जागीच गेला. पुढे २००८ साली त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट आणि २०१८ साली पुतण्या विल्यम, दोघेही शर्यतीच्या रस्त्यावरच गेले. दुसरा पुतण्या मायकेल याने २०२४ साली काकांचा २६ विजयांचा विक्रम मोडला. त्या घराचा अभिमान आणि दुःख वेगळं काढता येत नाही.

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, “एवढा जाणता माणूस, तरी?”

हो, तरी. हेच मला आज तरुणांना सांगायचं आहे. त्याच्यासाठी रस्ता बंद असायचा, समोरून ट्रक यायचा नाही, म्हैस आडवी यायची नाही, कडेला डॉक्टर उभे असायचे. प्रत्येक वळण पाठ होतं. एवढं असूनही ओल्या रस्त्याने त्याला माफ केलं नाही. मग चोर्ला घाटात, समोरून वाहतूक चालू असताना, आपण कशाच्या भरवशावर पैज लावतो?

गाडी नको, असं मी म्हणणार नाही. वेगाची हौस वाईट नाही. मुलाला मी एवढंच सांगितलंय की आधी तीन महिने माझी जुनी गाडी त्याने सांभाळायची. चेन साफ करायची, प्लग बदलायचा, ब्रेक स्वतः तपासायचे. मग दुकानात जाऊ. तो सध्या तोंड वाकडं करून का होईना, पण रविवारी सकाळी अंगणात पाना घेऊन बसतो. त्याची आई आता खिडकीतून त्याच्याकडे बघते, फोनकडे नाही.

 गणपती बाप्पा मोरया!