पहिल्या वर्षी हातात किती?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘ट्रक ड्रायव्हिंगमधल्या संधी’. मी तो जरा बदलून घेतो. संधीबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, मी हिशेबाबद्दल बोलतो. चौदा वर्षं मी लांब पल्ल्याची गाडी चालवली. आता सहा वर्षं कोल्हापुरात एका ट्रान्सपोर्टमध्ये मुनशी आहे. आधी पगार घेत होतो, आता ड्रायव्हरांचा हिशेब लिहितो. वही दोन्ही बाजूंनी पाहिलेली आहे.

मागच्या महिन्यात एक मुलगा ऑफिसात आला. बारावी झालेला, वय एकवीस. मोबाईलवर रील दाखवत म्हणाला, “चाचा, हेवी लायसन्स काढलं की लगेच तीस-चाळीस हजार मिळतात म्हणे. खरं का?” मी म्हटलं, “मिळतात. पण कुणाला, कितव्या वर्षी, आणि त्यातले घरी किती येतात, हे रीलवाला सांगत नाही.”

सच्चर समितीनं २००६ साली अहवाल दिला. आपले लोक ज्या धंद्यांत जास्त दिसतात, त्यांत रस्त्यावरची वाहतूक आणि गाड्यांची दुरुस्ती आहे, हे त्यात लिहिलेलं आहे. घरात अब्बा ड्रायव्हर, मामू मेकॅनिक, म्हणून पोरगाही त्याच रस्त्यानं. जा, काही वाईट नाही. इमानदारीचं काम आहे. पण पाहून जा.

पहिली गोष्ट, स्टीअरिंग लगेच हातात येत नाही. मालवाहतुकीच्या लायसन्ससाठी वय वीस पूर्ण लागतं, आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळा सुटलेल्या मुलांनाही वाट मोकळी झाली. पण लायसन्स आलं म्हणजे कुणी पंचवीस टन माल भरलेली गाडी देत नाही. आधी जुन्या ड्रायव्हरसोबत बसा, ताडपत्री बांधा, टायर ठोकून बघा, घाटात गियर कुठे पाडायचा ते शिका.

आता आमच्याकडच्याच एका नव्या ड्रायव्हरचं पहिलं वर्ष सांगतो. नाव सांगत नाही. सगळ्यांचं असंच असतं असंही नाही. पण नवी पोरं येतात तेव्हा मला साधारण असेच आकडे दिसतात.

पगार ठरला महिना १५,००० रुपये. भत्ता दिवसाला ४००. महिन्यात २२ दिवस रस्त्यावर, म्हणजे भत्ता झाला ८,८००. बेरीज २३,८००. गावात तो सांगतो, “चोवीस हजार मिळतात.” खोटं बोलत नाही तो.

पण ढाब्यावर दोन वेळचं जेवण ३०० रुपये. चहा, नाश्ता, आंघोळ, मोबाईल मिळून आणखी १००. म्हणजे भत्ता रस्त्यावरच संपला. राहिला पगार. लायसन्स, ड्रायव्हिंग स्कूल, मेडिकल यांसाठी त्यानं मालकाकडून १८,००० उचल घेतली होती. तिचे महिन्याला २,००० कापले. कधी डिझेलचा ॲव्हरेज कमी आला, कधी ताडपत्री फाटली, कधी पोहोच पावतीवर ‘एक रवा कमी’ लिहून आलं. त्यात सरासरी १,००० गेले. हातात १२,०००.

आता वर्षाची बेरीज करा. पहिले दोन महिने शिकाऊ म्हणून ७,००० प्रमाणे १४,०००. नंतरच्या दहा महिन्यांत एक महिना गाडी कामाला लागली होती, म्हणून बिनपगारी. राहिले नऊ महिने, १२,००० प्रमाणे १,०८,०००. एकूण १,२२,०००. बारानं भागा. महिन्याला दहा हजारांच्या किंचित वर.

चोवीस हजार सांगणारा मुलगा आणि दहा हजार घरी आणणारा मुलगा एकच आहे.

कुणी म्हणेल, जास्त फेऱ्या मारल्या तर? इथूनच खरी भीती सुरू होते. कोल्हापूरहून गूळ भरून अहमदाबादला जायचं म्हणजे जवळपास ९०० किलोमीटर. तिथे माल उतरवायला एक दिवस, परतीचं भाडं मिळायला कधी एक, कधी तीन. वेळ कुठे वाचवणार? झोपेतच. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, लांबच्या प्रवासात थोडी सूट, असं त्यात होतं. आमच्यापैकी किती जणांनी त्याचं नाव तरी ऐकलं होतं? फेरीवर पैसे मिळत असतील तर तास मोजायला ड्रायव्हरलाच परवडत नाही.

माझ्या पहिल्या वर्षी मी सलग दोन रात्री गाडी ओढली. खंबाटकी उतरल्यावर डुलकी लागली आणि गाडी कठड्याला घासली. अल्लाहच्या मेहेरबानीनं कुणाला काही झालं नाही. पण दुरुस्तीचे पैसे सात महिने माझ्या पगारातून कापले गेले. किती झाले, किती फिटले, कागद नव्हता. मालक म्हणेल तो आकडा. पहिल्या वर्षाची माझी कमाई त्या दोन रात्रींत गेली.

आता घरातली गोष्ट. याच ‘चोवीस हजारां’वर आपल्याकडे लग्नं ठरतात. मुलीच्या घरच्यांना तोच आकडा सांगितला जातो. वलीम्यासाठी कर्ज काढतात तेही त्याच आकड्याच्या भरवशावर. मग हप्ता सहा हजारांचा आणि घरी येतात दहा. ती मुलगी चार हजारांत घर कसं चालवते, हे तिला कोण विचारतं? इथे बसलेल्या बहिणींना मी सांगतो, स्थळ आलं तर पगार विचारू नका. मागच्या सहा महिन्यांत घरी किती आले ते विचारा, आणि खातं बघा. यात बेअदबी काही नाही.

निकाहनाम्यात मेहर लिहून घेतो आपण. नोकरी मात्र तोंडी. कुरआनातली सर्वांत मोठी आयत कशाबद्दल आहे, माहीत आहे? सूरह बकराची २८२वी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, याबद्दल. लहान रक्कम असली तरी लिहायचा कंटाळा करू नका, असंही तिथे बजावलंय. आणि आपण उचल घेतो हातावर.

म्हणून गाडीत चढायच्या आधी मालकाला हे विचारा, अदबीनं पण स्पष्ट. गाडी उभी असेल त्या दिवसाचा भत्ता आहे का? पगार खात्यात येणार का? उचल किती, दरमहा किती कापणार, कुठे लिहिणार? नुकसान झालं तर ते कोण ठरवणार? आणि ओव्हरलोड भरला तर दंड कोण भरणार? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. कायद्यानं तो दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. काट्याची पावती पाहिल्याशिवाय गाडी हलवू नका. जो मालक या प्रश्नांवर चिडतो, त्याची गाडी नवी कोरी असली तरी सोडा. चांगले मालक आहेत. ते उत्तर देतात.

स्वतःची एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, डिझेल, खर्ची, भत्ता. पोहोच पावतीचा फोटो काढून घरी पाठवा. माझी अम्मी चौथी शिकलेली. दुसऱ्या वर्षापासून माझा हिशेब तिनं लिहिला, आणि त्या वर्षापासून माझी कपात कमी झाली. मुनशीला कळलं होतं की पलीकडेही कुणी लिहितंय. बँकेत वर्षाला २० रुपये भरून दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, तो पहिल्याच पगारात काढा. आणि नजर ठेवा वीसपेक्षा जास्त कामगार असलेल्या, पीएफ भरणाऱ्या जागेवर. दोन वर्षं स्वच्छ गाडी चालवलेला ड्रायव्हर तिथे लागतो. रीलमधले तीस हजार असतात ते तिथे, आणि अशा माणसाला.

तो एकवीस वर्षांचा मुलगा हे सगळं ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे येऊ नको म्हणता?” मी म्हटलं, “ये. पण घरी जाऊन आधी सांग, पहिल्या वर्षी दहा हजार. कर्ज काढू नका, लग्न वर्षभर थांबवा. आणि येताना वही घेऊन ये.”

सोमवारी आला तो. वही होती हातात.