मेंदूतल्या सोबतिणी



कॅल्शियम म्हटलं की आपल्याला गरोदरपणातल्या गोळ्या आठवतात. हाडं, दात, दूध. आज बोलायचंय ते मेंदूतल्या कॅल्शियमबद्दल.

मेंदूत निरोप नेणाऱ्या चेतापेशी असतात, हे शाळेत शिकलो. त्यांना आधार देणाऱ्या, चांदणीसारख्या दिसणाऱ्या आणखी पेशी असतात. त्या ॲस्ट्रोसाइट. चेतापेशींना खाऊपिऊ घालायचं, आजूबाजूची साफसफाई ठेवायची, ही त्यांची कामं. १८५६ साली फिर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरांनी अशा आधारपेशींना जे नाव दिलं, त्याचा अर्थच मुळी डिंक. पुढे शंभर वर्षं त्या डिंकच राहिल्या. घरातलं सगळं करूनही कुणाच्या मोजदादीत नसलेल्या बाईसारख्या!

१९९० साली अमेरिकेत काचेच्या बशीत वाढवलेल्या ॲस्ट्रोसाइटवर ग्लुटामेट टाकलं. चेतापेशी निरोपासाठी वापरतात तेच हे रसायन. तर या पेशींच्या आत कॅल्शियम वाढलं, आणि ती लाट शेजारच्या पेशींत पसरत गेली. म्हणजे त्या निरोप ऐकत होत्या. रसायन पेशीच्या दारावर येतं, आतली कॅल्शियमची कोठी उघडते आणि पेशी कामाला लागते.

त्याचा उपयोग काय, हे २०१९ सालच्या एका प्रयोगात छान दिसलं. झेब्रामासा हा आपल्याकडचाच, गंगेच्या खोऱ्यातही सापडणारा. त्याची पिल्लं काचेसारखी पारदर्शक, त्यामुळे मेंदू बाहेरून दिसतो. पिल्लू जागच्या जागी धरून समोर चित्र दाखवलं. कितीही पोहलं तरी चित्र हलेना. पिल्लानं आधी जास्तच जोर लावला. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाला मेंदूत नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन सुटत होतं आणि आधारपेशींत कॅल्शियम साठत होतं. ते पुरेसं साठल्यावर पिल्लू थांबलं.

दमलं म्हणून? नाही. त्या पेशी बंद पाडल्या तर पिल्लू धडपडतच राहिलं. उलट, काहीच फसलेलं नसताना त्या चेतवल्या, तर पोहणं थांबलं. थोड्या वेळानं पिल्लू आपणहून परत पोहू लागतं.

आपल्या गटात एखादी चार वेळा बँकेतून परत येते, पाचव्यांदा जातच नाही. आपण लगेच म्हणतो, आळशी आहे. प्रयोग माशांवरचा आहे, माणसांवरचा नाही. पण मला तो शब्द आता जड जातो.

आणि हो, हे कॅल्शियम पेशीच्या आतलं. मन खचलं म्हणून कुणी गोळ्या वाढवू नका. त्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच.