पर्कोलेटरपाशी उभं राहून

आमच्या भाईजाननी जहाजावरच्या नोकरीत घेतलेला पर्कोलेटर अजून आमच्याकडे आहे. तळाला पाणी, मधोमध नळी, वर जाळीच्या डब्यात जाडसर दळलेली कॉफी. बारीक पूड घातली तर ती कपात गाळ होऊन उतरते. पाणी तापलं की बुडबुड्यांच्या जोरावर नळीतून चढतं, कॉफीवर सांडतं, झिरपून पुन्हा खाली येतं. झाकणावरच्या काचेच्या बोंडात आधी पिवळट, मग काळसर उसळी दिसते.

खोट इथंच आहे. उतरलेली कॉफीच पुन्हा उकळून वर जाते. विसरलात की कडू जहर! दक्षिणेकडच्या फिल्टरात पाणी एकदाच उतरतं, म्हणून तो बिचारा निर्धोक.

मी एकदा कवितेतल्या एका शब्दापायी अर्धा तास विसरलो. भाईजान तेव्हा अंथरुणाला खिळलेले. कॉफी त्यांनीच मागितली होती. कप संपवून म्हणाले, ‘‘शब्द मिळाला का रे?’’

मिळाला नव्हता.

आता उसळी सुरू झाली की आच मंद करतो, घड्याळात सात मिनिटं मोजतो आणि भांडं उतरवतो. तोवर तिथून हलत नाही.