एक दिवा, एक चेहरा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजक म्हणाले, "नोकरी सोडून काय करतेस ते सांग." हे ऐकून आमच्या आई घाबरल्या! नोकरी सोडलेली नाही. सॉफ्टवेअरचं काम चालू आहे. पण गेली तीन वर्षं शनिवार-रविवारी मी स्टुडिओत पोर्ट्रेट काढायला शिकते आहे.

कोल्हापूरला हा नाद नवा नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. त्यांनी याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेराही स्वतः बनवला. शूटिंग उन्हाच्या भरवशावर चालायचं, त्या काळात १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. १९२९ मध्ये 'प्रभात'ही इथेच सुरू झाली. उजेडाशी खेळणं या मातीतलंच आहे.

माझं शिक्षण मात्र माठापासून सुरू झालं. स्टुलावर माठ ठेवायचा आणि एकच दिवा त्याच्याभोवती फिरवायचा. दिवा समोर असला की माठ ताटासारखा चपटा दिसतो. बाजूला पंचेचाळीस अंशांवर, थोडा वर नेला की गोलाई उमटते. चेहऱ्याचंही तसंच. सावलीकडच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो. रेम्ब्रांटच्या चित्रांत तो दिसतो, म्हणून त्या प्रकाशयोजनेला त्याचंच नाव आहे. दिव्याला सॉफ्टबॉक्स लावून जवळ आणला की सावलीची कड मऊ होते. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला की झालं.

दिवा शिकता येतो, माणूस अवघड. आईंना बसवलं तर म्हणाल्या, "आता या वयात माझा फोटू कशाला गं?" 'हसा' म्हटलं की चेहरा आखडायचा. शेवटी हातात सोलायला लसूण दिला आणि त्यांच्या माहेरच्या गुऱ्हाळाचा विषय काढला. काहिलीतल्या रसाचं सांगता सांगता त्या कॅमेरा विसरल्या. तो फोटो आज घरात आहे.

आपण सगळे आता एका वयाला आलोय, म्हणून स्पष्ट बोलते. फोनमध्ये हजारो फोटो असतात, पण घरातलं कुणी गेलं की रात्री धावपळ होते. लग्नाच्या घोळक्यातून चेहरा कापायचा, मोठा करायचा आणि त्या धूसर फोटोला हार घालायचा. ज्या बाईनं जन्मभर घर सांभाळलं, तिचा एकटीचा एक नीट फोटो निघत नाही.

त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. माणसाला खिडकीशेजारी बसवा, ट्यूबलाइट बंद करा, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा. फोन चेहऱ्याजवळ नेऊ नका, नाक मोठं दिसतं; पाच-सहा फुटांवरून थोडा झूम करा. आणि त्यांच्या आवडीचा विषय काढून ऐकत बसा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

जेवणानंतर चित्रकलेच्या वर्गात मी एक दिवा लावून ठेवणार आहे. सर, बाई, तुम्ही प्रत्येकानं दहा मिनिटं येऊन बसावं, ही विनंती. विषय आम्ही काढू; आमच्या वर्गाच्या खोड्यांचा!