बर्फाखालची ऊब

आपल्याकडे सकाळी अंगणात सडा घालतात. कॅनडात, अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात सकाळी दारातले बर्फ उपसावे लागते. हे काम साधे नव्हे. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यात जड फावड्याचे कष्ट. उतारवयात त्याने हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका असतो. मुलाकडे तिकडे राहायला जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यावर एक तोड आहे. फाटकापासून घरापर्यंतच्या मोटारीच्या वाटेखाली विजेची तापणारी तार पुरतात. खडी दाबून तीवर लोखंडी जाळी अंथरतात आणि जाळीला तार नागमोडी, सारख्या अंतराने बांधतात. तारेवर तार चढता कामा नये. तेथे उष्णता साठून ती जळते. काँक्रीट ओतण्यापूर्वी, ओतताना आणि नंतरही तारेचा विद्युत्-रोध मोजतात. का? एकदा काँक्रीट घट्ट झाले, की बिघाड काढायला वाटच फोडावी लागते! थंडी आणि ओल दोन्ही असतील तेव्हाच प्रवाह सुरू करणारे यंत्रही बसवतात. वितळलेल्या पाण्याला उतार हवाच. नाहीतर ते पुढे जाऊन पुन्हा गोठते आणि माणूस घसरतो.

आता खर्च पाहू. एक किलो बर्फ वितळवायला जी उष्णता लागते, तिच्यात एक किलो पाणी ० पासून ८० अंशांपर्यंत तापेल. समजा, वाट ५० चौरस मीटर आहे आणि चौरस मीटरला ४०० वॅट वीज दिली. म्हणजे २० किलोवॅट झाले; एक हजार वॅटच्या वीस इस्त्र्या एकदम लावल्यासारखे! दहा तासांत २०० युनिट जळतात. त्या वाटेवर ५०० किलो बर्फ पडले असेल, तर नुसते वितळवायला सुमारे ४६ युनिट पुरतात. बाकीची उष्णता काँक्रीट तापवण्यात, वाऱ्यावर आणि खालच्या मातीत जाते. म्हणून काहीजण तारेखाली उष्णतारोधक थर देतात, तर काहीजण चाकांच्या दोन पट्ट्यांपुरतीच तार घालतात.

आइसलंडमधील रेक्याविक शहराने निराळी युक्ती केली आहे. तेथे जमिनीतले ऊन पाणी घरे उबवते. मग ३०-३५ अंशांवर आलेले तेच पाणी अनेक वाटांखालच्या नळ्यांतून फिरवतात. एकदा वापरलेली ऊब दुसऱ्यांदा कामी येते. आपल्या चुलीवरही, भात उतरल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर आपण आंघोळीचे पाणी ठेवतोच की!

शिक्षकबंधूंनी वरचा हिशेब मुलांकडून फळ्यावर मांडून घ्यावा. १५४ युनिट गेले कुठे, हे मुलांनाच विचारावे.